ब्लॅकजॅकचा मोठा डाव: पदरचे पैसे की भागीदारांचे?

महाराष्ट्राने १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही केला, त्यामुळे जळगावच्या खेळाडूला पणजीच गाठावी लागते. तिथल्या ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात प्रश्न पैशांचा.

पत्ते मोजणाऱ्याला, म्हणजे निघून गेलेले पत्ते ध्यानात ठेवून डाव कमीजास्त करणाऱ्याला, सरासरी १ टक्का फायदा धरा. १,००० रुपयांच्या १०० डावांत अपेक्षित कमाई १,००० रुपये. चढउतार मात्र साधारण ११,५०० रुपयांचा! पदरचे दोन लाख असतील तर तोटा गुपचूप गिळता येतो, पण डावाची रक्कम वाढवता येत नाही.

भागीदार आले की डाव पाचपट, नफा निम्मा दिला तरी हाती अडीचपट. शेत निम्म्या बटाईने करण्यासारखंच. फरक एवढाच, की कापूस किती निघाला हे बांधावरून दिसतं, टेबलावर काय झालं ते फक्त खेळणाऱ्याला ठाऊक. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या ब्लॅकजॅक संघाने १९८० पासून गुंतवणूकदारांचे पैसे वापरले, पण आधी खेळाडूंची कडक परीक्षा घेतली आणि प्रत्येक बैठकीचा हिशेब ठेवला. आपल्याकडे भाऊबंदांचे पैसे घेतले, की सलग चार वाईट रात्रींनंतर हिशेब कोण ऐकतो? शिवाय मोठा डाव लावणारा कॅसिनोच्या नजरेत लवकर भरतो.

मी तरी पदरच्याच पैशांनी, छोट्या डावावर बसेन. भागीदार घ्यायचेच, तर सासरचे नकोत.