विंडोज ११ : स्वयंचलित अपडेट बंद ठेवल्यानंतरचा अनुभव

व्हिडिओचे मोठे काम रात्री एक्स्पोर्टला लावायचे आणि सकाळी तयार फाइल उचलायची, अशी माझी कामाची पद्धत असल्यामुळे संगणक मध्यरात्री आपल्या मर्जीने रीस्टार्ट होणे मला परवडणारे नाही. विंडोज ११ मध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ची, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळात संगणक आपोआप रीस्टार्ट न होण्याची, सोय आहे, परंतु ते जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात आणि उरलेले ६ तास नेमके माझ्या एक्स्पोर्टचे असतात. म्हणून काही महिन्यांपूर्वी अपडेट रोखण्याचे एकेक उपाय करून पाहिले.

‘सर्व्हिसेस’मध्ये, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत, जाऊन ‘विंडोज अपडेट’ डिसेबल करा, हा सर्रास सांगितला जाणारा सल्ला सर्वांत कुचकामी आहे. अपडेटची यंत्रणा बिघडल्यास ती दुरुस्त करण्यासाठी विंडोजने ‘अपडेट मेडिक’ नावाची आणखी एक सर्व्हिस ठेवलेली आहे आणि तिच्या लेखी आपण केलेला बदल हा बिघाडच असतो. शिवाय स्टोअरमधून ॲप घेण्याचे कामही याच सर्व्हिसवर चालत असल्याने तेही अडते. ‘पॉज अपडेट्स’ प्रामाणिक आहे, पण त्याची मर्यादा ५ आठवड्यांची. ती संपली की तुंबलेले अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा थांबता येत नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी ते कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मर्यादित डेटाचे, म्हणून नोंदवावे, म्हणजे दिवसाचा डेटा अपडेटच्या घशात जाणार नाही. त्याने वनड्राइव्हचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचे, सिंकही थांबू शकते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

अखेर टिकला तो ग्रुप पॉलिसीचा, म्हणजे विंडोजचे खोलवरचे नियम ठरवणाऱ्या साधनाचा, मार्ग. तो प्रो आवृत्तीत मिळतो, होममध्ये नाही. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट, मॅनेज एंड यूजर एक्सपीरियन्स अशा क्रमाने आत गेल्यावर ‘कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स’ सापडते. ते एनेबल करून २ क्रमांकाचा पर्याय निवडला, की विंडोज डाउनलोडपूर्वी विचारू लागते. हेच सेटिंग ‘डिसेबल’ केले तर विचारणेही बंद होते. मी मुद्दाम ते टाळले. त्यानंतर अपडेटच्या पानावर काही सेटिंग्ज आपली संस्था सांभाळत असल्याची सूचना दिसू लागते. घरच्या एकट्या संगणकावर ही संस्था म्हणजे आपणच, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

तेव्हापासून रात्रीची कामे निर्वेध होतात आणि मी या व्यवस्थेवर समाधानी आहे, पण तिची किंमत आहे. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहा किंवा साडेअकराला, अमेरिकेतील घड्याळ उन्हाळ्याचे की हिवाळ्याचे त्यानुसार. दुरुस्ती जाहीर होताच जुन्या आणि नव्या फाइलींची तुलना करून सुरक्षेतील मूळ छिद्र शोधणारे हल्लेखोरही कामाला लागतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्या छिद्रावरील दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. फटका बसला तो मुख्यतः ती न लावलेल्या संगणकांना.

उलट बाजूचा दाखलाही आहे. २०१८ चे ऑक्टोबर अपडेट काही वापरकर्त्यांच्या फाइली पुसत असल्याचे उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टला त्याचे वितरण थांबवावे लागले होते. त्यामुळे दुसऱ्या मंगळवारनंतर मी शनिवारपर्यंत थांबतो, मायक्रोसॉफ्टच्या ‘रिलीज हेल्थ’ पानावर ज्ञात अडचणी वाचतो, बॅकअप घेतो आणि मग डाउनलोडचे बटण दाबतो. एखादे छिद्र प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरले जात असल्याची बातमी असेल, तर शनिवारची वाट पाहत नाही. महिन्याच्या अखेरीस येणारी ‘प्रिव्ह्यू’, म्हणजे ऐच्छिक आगाऊ, अपडेट मात्र सरळ सोडून देतो. त्यांतील सुधारणा पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये येतातच.

ज्याला हा शनिवारचा अर्धा तास काढणे जमणार नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. माझ्या वडिलांच्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात आणि सूचनेची खिडकी दिसली की ते ती न वाचता बंद करतात. तिथे मी ही पॉलिसी लावलेली नाही. अपडेट पूर्वीप्रमाणे आपोआप येतात आणि ॲक्टिव्ह अवर्स तेवढे सकाळी सहा ते रात्री अकरा असे करून दिले आहेत.