जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ पाहणं आणि कॅसेटी उतरवणं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझा डेस्कटॉप २०११ सालचा. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-५, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गेल्या आठ महिन्यांत त्याच्याकडून दोन कामं घेतली: रोजचे व्हिडिओ पाहणं आणि घरातल्या ४१ व्हीएचएस कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवणं. दोन्हींत सुरुवातीला नुसती डोकेदुखी झाली. आता कॉम्प्युटर तोच आहे आणि दोन्ही कामं नीट होतात. मधे काय काय झालं ते लिहितो.

आधी व्हिडिओ पाहण्याचं. ऑनलाइन व्हिडिओ अडकत होते, आवाज पुढे आणि चित्र मागे. मी रॅम ४ वरून ८ जीबी केली. काडीचा फरक पडला नाही. मग एसएसडी टाकली. विंडोज झटकन सुरू व्हायला लागलं, व्हिडिओ मात्र तसाच. दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असा तो प्रकार होता.

यूट्यूबवर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं, तेव्हा कोडं सुटलं. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीच्या, ओळीत ‘व्हीपी०९’ दिसत होतं, कधी ‘एव्ही०१’. या प्रोसेसरमध्ये एच.२६४ हा जुना कोडेक उलगडण्यासाठी वेगळी सर्किटं आहेत, पण व्हीपी९ आलं २०१३ मध्ये आणि एव्ही१ त्याच्याही पाच वर्षांनी. माझ्या चिपला ते कुठून माहीत असणार? मग सगळा भार प्रोसेसरवर. ब्राउझरमध्ये ‘एच२६४इफाय’ नावाचं एक्सटेन्शन टाकलं. ते यूट्यूबला सांगतं की मला फक्त एच.२६४ चालतं. त्याच खिडकीत गळलेल्या फ्रेमचा (न दाखवता सोडलेल्या चित्रांचा) आकडा असतो, तो सतत वाढायचा. आता बहुतेक वेळा शून्यावर थांबलेला असतो. यूट्यूबवर एच.२६४ १०८०पीच्या वर मिळत नाही, पण माझा मॉनिटरच तेवढा आहे.

मोबाइलवर काढलेल्या क्लिपची रडकथा तीच. फोन एचईव्हीसी या नव्या कोडेकमध्ये रेकॉर्ड करत होता. १०८०पी कशीबशी चालायची, ४के म्हणजे स्लाइड शो. व्हीएलसी प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग (चिपमधल्या सर्किटांकडून व्हिडिओ उलगडणं) चालू-बंद करून पाहण्यात एक अख्खा रविवार घालवला. जे हार्डवेअर मुळात नाहीच ते चालू कसं होणार! शेवटी फोनच्या कॅमेऱ्यात एच.२६४ निवडलं आणि जुन्या क्लिप रात्रभर हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रामला लावून बदलून घेतल्या.

एवढं झाल्यावरही एक त्रास उरला होता. व्हिडिओ पहिली वीस मिनिटं छान चालायचा आणि मग अडखळायला लागायचा. पहिल्या सेकंदापासून अडखळत असेल तर कोडेककडे बघा. उशिरा अडखळत असेल तर उष्णतेकडे. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर धुळीची गोधडी पसरलेली. ती काढली, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान ९५ अंशांवरून ६५ वर आलं. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय मी सर्वांत शेवटी केला.

आता कॅसेटी. व्हीसीआरचं चित्र आणि आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारं, पिवळी-पांढरी-लाल वायर लागणारं साधं यूएसबी कॅप्चर डोंगल घेतलं. पहिल्या दिवशी चित्र आलं, आवाज गायब. वायर बदलल्या, ड्रायव्हर पुन्हा टाकला, व्हीसीआरवर संशय घेतला. निघालं काय, तर विंडोज १० डोंगलचा आवाज मायक्रोफोन समजतं, आणि प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी मी बंद ठेवली होती. एक बटण.

दुसरं कोडं जास्त मजेशीर. रेकॉर्डिंग दर वेळी साधारण साडेतीन मिनिटांनी बंद पडायचं. कॅसेट कोणतीही असो, साडेतीन मिनिटं. डोंगल तापतंय असं धरून मी त्याच्यावर पंखासुद्धा लावला. मग कागदावर हिशेब मांडला. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीचं, न दाबलेलं चित्र ७२० बाय ५७६, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला जवळपास २०.७ एमबी. साडेतीन मिनिटांत होतात बरोबर ४ जीबीच्या आसपास. एक्स्टर्नल डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि त्यात एका फाइलची कमाल मर्यादाच ४ जीबी! एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केल्यावर विषय संपला. पंखा मात्र अजून तिथेच आहे, चालू द्या म्हटलं.

फ्रेम गळण्याने खरा घाम काढला. त्यानंतर मी ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये थेट एच.२६४ करून, वर डीइंटरलेसिंगही (अर्ध्या-अर्ध्या ओळींत साठवलेलं चित्र सलग करणं) त्याच वेळी चालू ठेवून रेकॉर्ड करत होतो. कॅसेट काही थांबून वाट बघत नाही. प्रोसेसर मागे पडला की फ्रेम गेली ती गेली. म्हणून कामाचे दोन भाग केले. दिवसा व्हर्च्युअलडब या प्रोग्राममध्ये, चित्रातलं काहीच न गमावणाऱ्या हफवाययूव्ही कोडेकने फक्त उतरवून घ्यायचं, तासाला ३० ते ३५ जीबी जागा जाते. रात्री एफएफएमपेग या प्रोग्रामने डीइंटरलेस करून एच.२६४ बनवायचं, कितीही वेळ लागो. जागा कमी म्हणून आधीच दाबलेली फाइल घेऊ नका. व्हीएचएसची मुंग्या-मुंग्यांची खरखर नंतर दुसऱ्यांदा दाबली की चेहऱ्यांचे चौकोन होतात.

तरीही अधूनमधून फ्रेम गळत होत्याच. डोंगल पुढच्या पोर्टवरून काढून थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावलं, रेकॉर्डिंग विंडोजच्या डिस्कऐवजी दुसऱ्या डिस्कवर वळवलं, अँटीव्हायरसला ते फोल्डर वगळायला सांगितलं. यातल्या पोर्टनेच सर्वांत जास्त फरक पडला असं मला वाटतं. मधल्या काळात मी आवाज साउंड कार्डच्या निळ्या लाइन-इनमधून घेत होतो, तेव्हा तासाभराच्या शेवटी ओठ आणि शब्द यांची फारकत व्हायची. साउंड कार्डचं घड्याळ वेगळं आणि डोंगलचं वेगळं. आवाजही डोंगलमधूनच घ्यायला लागल्यापासून ते थांबलं.

हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर घाबरू नका, ते इंटरलेसिंग आहे. मी बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने सेकंदाला ५० फ्रेम करतो. २५ केल्या तर धावणारी मुलं झटके देत धावतात. चित्राच्या अगदी तळाशी वळवळणाऱ्या काही ओळीही बिघाड नव्हेत. जुन्या टीव्हीच्या कडेमागे त्या लपायच्या, एवढंच.

जिथे टेप स्वतःच डळमळीत आहे, तिथे कॉम्प्युटर काही करू शकत नाही. दोन रेकॉर्डिंगच्या मधल्या कोऱ्या भागात डोंगल गोठतं आणि पुढचा आवाज सरकतो. त्याला टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळीत सिग्नल स्थिर करणारं यंत्र, लागतं. माझ्याकडे ते नाही. मी तिथे रेकॉर्डिंग थांबवून नवी फाइल सुरू करतो.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे कॅसेट चालू असताना नेटची वायर काढलेलीच असते. त्याने मधेच अपडेटही डोकं वर काढत नाहीत, हा वरचा फायदा.

४१ पैकी ३८ कॅसेटी उतरल्या. उरलेल्या तिघींच्या टेपवर पांढरी बुरशी आहे. त्या घातल्या तर व्हीसीआरचं हेड खराब होईल, म्हणून अजून खोक्यातच आहेत.