रात्रीचे दोन पेग की कुणाशी तरी बोलणं?

वडील गेल्यापासून एक मित्र रोज रात्री दोन पेग घेतो. परवा त्याने विचारलं, "हेच चालू ठेवू, की समुपदेशकाकडे जाऊ?"

आधी झोपेचं बघू. दारूने डोळा लवकर लागतो, हे खरं. पण ती उतरू लागली की पहाटे टक्क जाग येते, छाती धडधडते. शिवाय शरीर सरावतं, दोनाचे तीन होतात. बोलल्याने पहिल्याच रात्री झोप लागेल असं नाही. रडून डोकं जडही होतं.

कष्टाचं म्हणाल तर ग्लास भरणं सोपं. "बाबांचा चष्मा अजून टेबलावर तसाच आहे" एवढं बोलताना मात्र घसा दाटतो. पण बोलून झालं की कधीतरी तो चष्मा उचलवतो.

खर्च दोन्हीकडे आहे. बहीण मात्र फुकट ऐकते.

दुःख ताजं असेल तर जवळचं माणूस पुरे. महिने उलटूनही सावरता येत नसेल तर समुपदेशक गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये, फिटचे झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. दुःखावर दारू मी कुणालाच सुचवणार नाही.