दृष्टीविना कथालेखन : बोलून लिहावे की इनस्क्रिप्टवर टंकावे?

दिसत नसताना मराठीत कथा लिहायची, तर सध्या दोन वाटा सहज हाताशी आहेत. एक म्हणजे फोनला बोलून सांगणे. दुसरी म्हणजे इनस्क्रिप्ट कळफलक (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित अक्षरमांडणी) आणि २००६ पासून विकसित होत आलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, यांच्या साहाय्याने संगणकावर स्वतः टंकणे. मी दोन्ही वापरतो.

बोलून लिहिण्याच्या वेगाबद्दल वाद नाही. रंकाळ्याच्या काठाने फिरताना सुचलेला परिच्छेद जागच्या जागी टिपता येतो, आणि ज्यांच्या बोटांनाही त्रास आहे त्यांच्यासाठी कदाचित हीच वाट सोयीची ठरेल. इनस्क्रिप्ट सुरुवातीला चिकाटीची परीक्षा पाहते. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या. एफ आणि जे या कळांवरच्या उंचवट्यांशी ऱ्हस्व वेलांटी आणि र सापडले की बाकीची अक्षरे हळूहळू बोटांत बसतात.

माझ्यापुरता निर्णय झाला तो संवादांमुळे. माझी पात्रे कोल्हापूरच्या पेठांतली, तालमीच्या कट्ट्यावर बसून बोलणारी. ‘काय लेका, आलाईस न्हवं?’ असे मी फोनला सांगावे, तर कधी ‘काय लेखा, आला आहेस नव्हे’ असे उमटते, तर कधी ‘न्हवं’चे ‘नवं’ होते. यंत्राच्या कानाला प्रमाण मराठीची सवय असावी, त्यामुळे त्याला दोष देववत नाही. परंतु बोलीचा हेल गेला की ते पात्र माझे राहत नाही. शिवाय ‘लेका’ आणि ‘लेखा’ कानाला इतके जवळचे, की सबंध मजकूर पुन्हा अक्षर-अक्षर ऐकावा लागतो, आणि बोलून वाचवलेला वेळ तिथेच खर्ची पडतो. कळफलकावर न टंकला, त्याचा पाय मोडला आणि ह जोडला की ‘न्हवं’ जसेच्या तसे राहते. स्क्रीनरीडरचा आवाज सपाट आहे, असे शब्द तो अवघडून उच्चारतो, हे मान्य. पण उच्चार बिघडल्याने लिखाण बिघडत नाही. अर्धवट सुचलेले वाक्यही घरभर ऐकू न जाता हेडफोनमध्येच राहते.

केवळ प्रमाण भाषेत लिहिणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. तरीही निवड करण्यापूर्वी आपल्या घरातले एखादे खरेखुरे संभाषण दोन्ही रीतींनी लिहून पाहावे आणि मग बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकावे.