दोन्ही पेडलं उजवीच निघाली, आणि माझे 12,699 रुपये गेले

आकडा आधीच सांगतो. लपवायचाच असेल तर हे लिहिण्यात अर्थ नाही. एकूण 12,699 रुपये गेले. त्यातले 9,849 थेट पेडलं विकणाऱ्या माणसाकडे, आणि 2,850 माझ्याच हाताने खराब झालेला क्रँक (पेडल ज्यात बसतं तो भाग) बदलायला. घरी अजून फक्त 6,400 चा आकडा माहीत आहे. पूर्ण हिशेब मी इथे पहिल्यांदाच मांडतोय.

मी अकरा वर्षं सायकल चालवतोय, त्यातली पाच माउंटन बाइक. म्हणजे यातलं काही कळत नव्हतं असं नाही, आणि त्याचाच राग जास्त आहे. जुलैमध्ये येऊरला उतारावर, भर पावसात, माझा पाय कंपनीच्या प्लॅस्टिक पेडलवरून घसरला आणि पेडल उलटं फिरून नडगीवर बसलं. चार टाके पडले. माझा बूट 10 नंबरचा. त्या अरुंद पेडलवर अर्धा तळवा बाहेरच राहायचा. तेव्हाच ठरवलं की आता रुंद प्लॅटफॉर्मची फ्लॅट पेडलं घ्यायची. साधारण 100 मिलिमीटर लांब-रुंद, मध्ये किंचित खोलगट, आणि तळव्याला धरून ठेवणाऱ्या धातूच्या पिना असलेली. बूट अडकवायची क्लिपवाली मला नको होती, कारण दगडांच्या वाटेवर पाय क्षणात जमिनीवर टेकता आला पाहिजे.

नवी चांगली पेडलं माझ्या बजेटबाहेर होती. म्हणून सायकलवाल्यांच्या एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर जुनी शोधत होतो. तिथे ही दिसली. शिमानो एक्सटी फ्लॅट, दोन महिने वापरलेली, किंमत 6,400. मेसेज टाकला तर दहा मिनिटांत फोन आला. मराठी मुलगा, बोलायला अत्यंत नम्र. "दादा, मीपण येऊरलाच येतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून काढतोय, नाहीतर कोण विकतंय." माझ्या नडगीचं ऐकून "काळजी घ्या दादा" म्हणाला. या अशा बोलण्यानेच माणूस सैल पडतो.

मी विचारलं, साइझ कुठली? एक्सटीची ही पेडलं लहान आणि मोठी अशा दोन मापांत येतात, हे मला माहीत होतं. तो म्हणाला, "एकच येते दादा, युनिव्हर्सल साइझ." इथेच फोन ठेवायला हवा होता. ज्याने ती पेडलं दोन महिने वापरली, त्याला ती दोन मापांत येतात हे माहीत नसेल? मला खटकलं होतं, खोटं कशाला सांगू. पण लगेच तो म्हणाला की अजून तिघं मागे लागलेत, 1,500 टोकन टाका, मी तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. टाकले. यूपीआयच्या स्क्रीनवर नाव आलं ते एका बाईचं. "आईचं अकाउंट आहे," म्हणाला. तुमच्यासमोर असं दुसरं नाव आलं तर तिथेच थांबा, मग ते आईचं असो, भावाचं असो की मित्राचं.

शुक्रवारी रात्री पावणेनऊला वेस्टर्न लाइनच्या एका स्टेशनबाहेरच्या स्कायवॉकवर भेटायचं ठरलं. घरी जाणारी गर्दी, पाऊस, छत्र्या, मागून लोकांचे धक्के. त्याने ती वेळ आणि ती जागा का निवडली ते आता कळतं. त्याने खोक्यातून एक पेडल काढलं, दुसरं बबल रॅपमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बांधलेलं होतं. हातातलं पेडल दांड्याला धरून त्याने टिचकी मारली. ते गरगर फिरत राहिलं, दहा-बारा फेऱ्या. "बघा दादा, बेअरिंग किती मक्खन आहे." आणि मी खूश झालो.

हा क्षण डोळ्यांसमोरून जात नाही. चांगल्या सीलबंद पेडलमध्ये ग्रीस भरलेलं असतं आणि सील दांड्याला घट्ट बसलेले असतात, त्यामुळे ते हाताने फिरवलं तर जड फिरतं आणि लगेच थांबतं. टिचकीसरशी गरगर फिरणारं पेडल म्हणजे आत ग्रीस नाही, सील नाहीत, आणि मुंबईच्या पहिल्याच पावसात पाणी आणि चिखल आत जाणार. हे मला त्या रात्रीही ठाऊक होतं. तरी त्या झगमगत्या फिरण्याला भुललो. पिनांवरून अंगठाही फिरवला होता. त्या स्क्रूच्या नव्हत्याच, पेडलसोबतच ओतलेल्या होत्या. खऱ्या पेडलच्या पिना झिजल्या की काढून बदलता येतात. अंगठ्याला सगळं कळलं होतं, पण डोक्याने ऐकलं नाही.

दुसरं पेडल उघडून दाखव म्हटलं तर म्हणाला, "दादा, शेवटची बस जाईल." मी उरलेले 4,900 पाठवले.

शनिवारी सकाळी गॅलरीत पेपर पसरून बसलो. उजवं पेडल नीट बसलं. डावं काही केल्या आटे धरेना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, चालवताना ते सुटत जाऊ नये म्हणून, हे सायकलवाल्या कुणालाही माहीत असतं. मीही तसं उलटंच फिरवत होतो. त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, इम्पोर्टेड मॉडेल आहे, याचे आटे सरळच असतात. नवीन क्रँक आहे का? मग घट्ट जाणार. ॲलन कीला पाइप लावून आवळा." आणि मी लावला पाइप. दोन फेऱ्या कशाबशा गेल्या, मग एकदम हलकं झालं. खाली पेपरवर ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस पडला, खवलेल्या खोबऱ्यासारखा. ते माझ्या क्रँकचे आटे होते. मग दोन्ही दांडे शेजारी धरून पाहिले. दोन्हींवर आर कोरलेलं. दोन्ही पेडलं उजवी.

तुम्ही हे विकत घेताना दोन्ही पेडलं शेजारी धराच. आटे एकमेकांच्या विरुद्ध तिरपे दिसले पाहिजेत. पाच सेकंदांचं काम आहे. ते न केल्यामुळे मला डावा क्रँक 2,650 ला आणि बसवणावळ 200 रुपये पडली. काळबादेवीच्या ज्या दुकानदाराने तो बसवून दिला, त्याने पेडलं हातात घेताच बाजूला ठेवली. म्हणाला, ही नक्कल आहे, आणि बहुतेक लॉटमधून जोडी तुटलेली. आटे गेलेल्या क्रँकमध्ये नवी बुश, म्हणजे आतून आटे असलेली धातूची नळी, बसवता येते, पण डोंगरात चालवणार असाल तर मी सुचवणार नाही, हेही त्यानेच सांगितलं. दहा मिनिटांत त्याने मला जे सांगितलं, ते मी आधी त्याच्याकडे जाऊन फुकट ऐकू शकलो असतो.

आता पुढचं लिहायला जास्त लाज वाटते. शनिवारी दुपारी त्याचाच फोन आला, आवाज रडवेला. "दादा, माझ्याकडून जोडी चुकली, डावं माझ्या दुसऱ्या सायकलचं राहिलं. कुरियर करतो, फक्त डिपॉझिट 950 भरा, पार्सल हातात पडलं की परत येतात." क्यूआर कोड पाठवला. मी भरले. रविवारी "विमा आणि जीएसटी"चे 2,499. तेही भरले. तुम्ही म्हणाल, याला अक्कल आहे का. पण माझे 7,350 आधीच अडकले होते, सायकल एका क्रँकवर उभी होती, आणि तो माणूस फोन उचलत होता. फोन उचलतोय म्हणजे चोर नसणार, एवढाच आधार होता माझा. रविवारी संध्याकाळी फोन बंद झाला.

मी ती रात्र वाट पाहण्यात घालवली आणि सोमवारी सकाळी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तुम्ही अशी रात्र घालवू नका. त्या नंबरवर जितक्या लवकर कळवाल, तितकी समोरच्या खात्यात पैसे गोठण्याची शक्यता जास्त. यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी नंबर हाताशी ठेवा.

मग बँक. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, पिन कुणी टाकला? मी टाकला. "मग व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय सर." अर्ज तरी घ्या म्हटलं, तर अर्ज घेतला पण पोच देईनात. पोच मिळवायला पाऊण तास उभा राहिलो. ज्या खात्यांत पैसे गेले त्यांची चौकशी होणार का, याचं उत्तर एकाही खिडकीवर मिळालं नाही.

आणि पोलीस. पहिल्या ठाण्यात ड्युटीवरच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माल मिळालाय ना? आवडला नाही म्हणून फसवणूक होत नाही. दिवाणी मॅटर आहे." मी दोन्ही उजवी पेडलं टेबलावर ठेवली, तर ते म्हणाले, हे काय असतं? समजावलं. मग निघालं की पैसे स्कायवॉकवर दिले, म्हणजे ती हद्द रेल्वेची. तिकडे गेलो तर तिथले म्हणाले, स्कायवॉक आमच्यात येत नाही, तो शहर पोलिसांचा. परत पहिल्या ठाण्यात. "कुरियरचे पैसे कुठून पाठवले? घरून? मग तुमच्या घराच्या हद्दीतलं ठाणं." तिथे गेलो, तर ऑनलाइन म्हणजे सायबर पोलिसांकडे जा. सायबरकडे सांगितलं की रक्कम छोटी आहे, आधी स्थानिक ठाण्याचं पत्र आणा. चार दिवस, चार दरवाजे, दोन सुट्ट्या. 9,849 ही माझ्यासाठी छोटी रक्कम नाही. ती छोटी आहे हे ठरवायचा अधिकार कुणालाच नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट म्हटलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यायची. आणि फसवून पैसे काढून घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली येतं, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं. मी हे कागदावर छापून पाचव्यांदा गेलो तेव्हा कुठे अर्जावर शिक्का पडला. सामान्य माणसाने कायद्याचं कलम घेऊन उभं राहायचं आणि तेव्हाच त्याचं ऐकलं जायचं, ही काय पद्धत झाली? ज्याला कलम शोधता येत नाही, त्याने काय करायचं?

एफआयआर अजून नाही. अर्ज "चौकशीवर" आहे.

काल रात्री त्याच ग्रुपमध्ये तीच जाहिरात परत आली आहे. नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत आता 5,800. फोटो तोच आहे. लाल योगा मॅटवर ठेवलेलं एकच पेडल, शेजारी पिवळी मोजपट्टी, डाव्या कोपऱ्यात टेबल फॅनचा पाय. मी खाली लिहिलं, तर पाच मिनिटांत माझी कॉमेंट उडवली आणि मला ग्रुपमधून काढलं. तुमच्यापैकी कुणाच्या समोर तो फोटो आला, तर पैसे पाठवू नका आणि त्या नंबरचा स्क्रीनशॉट मला द्या. तो माझ्या अर्जाला जोडायचा आहे.