अंगणवाडीचं परीक्षण: वजनकाटा, शिधा आणि राहून गेलेलं बोलणं

फुकट मिळणाऱ्या सेवेचं परीक्षण सहसा कुणी लिहीत नाही. पण गावातल्या बहुतेक आयांना आहार, बालसंगोपन आणि सरकारी पैसा या तिन्ही गोष्टींसाठी जवळचं एकच दार असतं, ते म्हणजे अंगणवाडीचं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. आज ती ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या नावाखाली चालते. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक केंद्र, एक सेविका आणि एक मदतनीस, अशी रचना आहे. कागदावर सहा सेवा आहेत: पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, आहार व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं). यातल्या ‘शिक्षण’ या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून हे परीक्षण त्याचंच आहे.

निकाल आधीच सांगतो. आहाराची माहिती उत्तम आहे, पण ती आईपर्यंत अर्धीच पोचते. संगोपनाचा कार्यक्रम चांगला आहे, पण ज्यांनी ऐकायला हवं ते घरातले लोक तिथे नसतात. घरच्या पैशाचं शिक्षण जवळपास नाहीच, फक्त अर्ज भरले जातात.

सुरुवात वजनापासून करू, कारण या सेवेचं मूळ तिथे आहे. दर महिन्याला मुलाचं वजन घेऊन माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात टिंब मांडायचं असतं. मुलांसाठी निळा आलेख, मुलींसाठी गुलाबी. इथे नेहमीच्या चुका तीन. काटा शून्यावर न आणता मूल टांगतात. स्वेटर, टोपी, पैंजणासकट वजन घेतात, म्हणजे थंडीत मूल वाढलेलं दिसतं आणि उन्हाळ्यात घटलेलं. तिसरी चूक सगळ्यात महागात पडणारी: टिंब हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून ‘सगळं चांगलं आहे’ असं सांगून आईला घरी पाठवतात. खरं पाहायचं असतं ते रेषेची दिशा. सलग दोन महिने रेषा आडवी गेली, तर मूल हिरव्या पट्ट्यात असलं तरी आहारात किंवा आजारपणात काहीतरी बिनसलेलं असतं. जन्मवजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाच्या आसपास तिप्पट व्हावं, हा ढोबळ हिशेब आईला माहीत असला तर ती स्वतःच विचारेल.

उंचीच्या बाबतीत गोंधळ जास्त. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजायची, त्यावरच्या मुलाची उभं करून. दोन्ही मापांत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक येतो. आडवं मोजायला दोन माणसं लागतात: एक डोकं धरायला, एक गुडघे सरळ दाबून तळव्याला पट्टी टेकवायला. सेविका एकटी असेल तर गुडघा वाकतो, लांबी कमी भरते आणि नोंदीत मूल उगाच खुजं ठरतं. मदतनीस भाजी चिरायला गेली असेल तर आईनेच डोकं धरावं. दंडाची पट्टी मात्र सोपी आणि भरवशाची आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. दोन्ही पायांवर अंगठा दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, तर दंडाचं माप काहीही असो, मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं.

आता शिधा. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या मूळ अनुसूचीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तर गरोदर आणि स्तनदा आईला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं देण्याचं ठरलं. २०२३ मध्ये हे निकष बदलले आणि प्रथिनांचा दर्जा व सूक्ष्म पोषक घटकांवर भर आला. घरी मिळणारी वस्तू कधी कोरडा शिधा असते, कधी तयार पिठाची पाकिटं. पाकिटाची चव मुलांना आवडत नाही ही तक्रार खरी आहे, पण मोठा दोष वेगळाच आहे. पाकीट कुणाचं आणि रोज किती, हे नीट कुणी सांगत नाही. ५०० उष्मांक म्हणजे सुमारे सव्वाशे ग्रॅम कोरडं पीठ. आठ महिन्यांचं मूल ते एका बैठकीत खाऊच शकत नाही, तीन-चार वेळा विभागूनच द्यावं लागतं. हे न कळल्यामुळे एकदाच मोठी वाटी शिजते, मूल चार घास खातं, उरलेलं मोठी भावंडं संपवतात. कोरडा शिधा असेल तर तो घरच्या डब्यात मिसळतो आणि पाच-सहा जणांत वाटला जातो. बाळाच्या वाट्याचं धान्य-डाळ वेगळ्या डब्यात ठेवा, एवढं एक वाक्य शिधावाटपाच्या दिवशी प्रत्येक आईला सांगितलं तरी या योजनेचा मोठा भाग वाचेल.

२०२५ पासून शिधा घेताना मोबाईलवर चेहरा पडताळणी आली आहे. वाटपात पारदर्शकता हवीच. पण नेटवर्क नसलेल्या वाडीत फोन वर धरून उभं राहण्यात सेविकेचा जो वेळ जातो, तो नेमका आयांशी बोलण्याचा वेळ असतो.

सहा महिने पूर्ण झाल्यावरचा वरचा आहार हा या सगळ्या शिक्षणाचा गाभा. इथली माहिती कार्डावर छापलेली असते आणि ती बरोबर आहे. अडतं ते घरात. उष्टावणाचा मुहूर्त लांबतो आणि मूल आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत फक्त दुधावर राहतं. दुसरं, वरणाचं पाणी आणि भाताची पेज. बाळाचं पोट लहान, ते पाण्यानेच भरतं आणि उष्मांक मिळत नाहीत. घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट हवा. सहा ते आठ महिने: दोन-तीन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिने: अर्धी वाटी, तीन-चार वेळा. बारा ते तेवीस महिने: पाऊण ते पूर्ण वाटी, तीन-चार वेळा, मधे एखाद-दुसरा खाऊ. वाटी म्हणजे २५० मिलिलिटरची. घरातल्या वाट्या बहुतेक लहान असतात, म्हणून सेविकेने मापाची वाटी हातात दाखवलीच पाहिजे. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच.

घरी करायचं पीठ असं: दोन वाट्या तांदूळ किंवा ज्वारी, एक वाटी मूगडाळ, अर्धी वाटी शेंगदाणे. सगळं वेगवेगळं भाजायचं, दाण्यांची सालं काढायची, बारीक दळायचं. अख्खा दाणा लहान मुलाच्या हाती पडू द्यायचा नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. दाण्याच्या तेलामुळे पीठ खवट होतं, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच करावं. शिजवताना चमचाभर तेल किंवा तूप घालावं. दाट खिमट मुलाला गिळवत नसेल तर पाणी वाढवण्याऐवजी नाचणीचं सत्त्व वापरावं. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून दीड दिवस मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची. मोडातल्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) गरम खिमटात चमचाभर सत्त्व घातलं की काही मिनिटांत ते पातळ होतं आणि उष्मांक तेवढेच राहतात. नाचणी जास्त भाजली तर विकर मरतात आणि हा गुण जातो. पाककृतींच्या प्रात्यक्षिकांत हे बारकावे क्वचित दाखवतात. तिथे सजवलेल्या ताटांचे फोटोच जास्त निघतात.

आहार आणि पैसा इथेच एकमेकांत अडकलेले आहेत. दुकानातल्या पुड्या आणि बिस्किटांवर रोज १० रुपये गेले, तर महिन्याला ३०० रुपये होतात. अंडं ७ रुपयांना धरलं तर तेवढ्यात ४२ अंडी येतात, आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. शाकाहारी घरात तोच हिशेब दाणे, मूग, दही यांचा. ‘पुड्या देऊ नका’ असं बजावण्यापेक्षा हा हिशेब फळ्यावर मांडला तर आजीला लगेच पटतो.

संगोपनाच्या भागाबद्दल थोडक्यात. २०२४ मध्ये केंद्र सरकारने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ असे आराखडे आणले. महाराष्ट्रात ‘आकार’ आणि ‘आरंभ’ त्याआधीपासून आहेत. वाटी-चमचा, रिकामे डबे, चिंध्यांची बाहुली, गाणी, बाळाशी बोलत राहणं, असं सगळं बिनखर्चाचं आहे आणि पक्क्या अभ्यासावर उभं आहे. उणीव अशी की पालक मेळावा दुपारी असतो, तेव्हा वडील शेतावर आणि सासूबाई घरी. बैठकीला येते ती सून, जिच्या हातात घरातला निर्णय नसतो. पौर्णिमेच्या भजनाला किंवा ग्रामसभेच्या दिवशी अर्धा तास मिळवला तर पुरुष भेटतात, आणि असं करणाऱ्या सेविका आहेत. पालकांनी एवढं लक्षात ठेवावं: नऊ महिन्यांपर्यंत मूल आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल किंवा अर्थाचा एकही शब्द बोलत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्याची तारीख विचारून ठेवावी आणि त्या दिवशी मूल घेऊन जावं.

आता पैसा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: ३,००० गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर, २,००० बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. महाराष्ट्राच्या ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षांनंतर ७५,००० असे एकूण १ लाख १ हजार रुपये आहेत. उत्पन्नाची आणि कुटुंब नियोजनाची अटही आहे. अर्ज अंगणवाडीतच भरतात.

हे अर्ज का अडकतात ते ठरलेलं आहे. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. आधार जोडलेलं खातं भलतंच, कारण पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यावर जाईलच असं नसतं. थेट लाभ हस्तांतरणात तो आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यावर जातो. मग बाई एका बँकेत खेटे घालते आणि रक्कम दुसऱ्याच बँकेत पडून असते. किंवा दोन वर्षं व्यवहार नसल्याने खातं निष्क्रिय झालेलं असतं. गरोदरपणाची नोंद करायच्या आधीच या तीन गोष्टी बँकेत किंवा पोस्टात तपासून घेतल्या तर पुढचे हेलपाटे वाचतात.

पण पैसा हातात आल्यावर काय, याबद्दल अंगणवाडीत अवाक्षर नाही. ही उणीव सगळ्यात जास्त खटकते, कारण बाळंतपण आणि मुलाचं आजारपण यांसाठीच बाया कर्ज काढतात. गावात ‘शेकडा दोन’ म्हणतात ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला २४ टक्के. त्यातही व्याज सरळ की घटत्या शिलकीवर, हे विचारायला हवं. २०,००० रुपये बारा हप्त्यांत फेडायचे असतील तर २४ टक्के सरळ व्याजाने ४,८०० रुपये जादा जातात. घटत्या शिलकीवर साधारण २,७०० च. सरळ पद्धतीतला खरा दर ४२ टक्क्यांच्या आसपास पडतो, कारण मुद्दल फिटत आलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच चालू असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्मकर्ज देणाऱ्या संस्थेने दर लिहिलेला माहितीकागद द्यायलाच हवा, सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. हे तीन नियम अंगणवाडीच्या भिंतीवर आहाराच्या तक्त्याशेजारी लावायला हवेत.

हे काम सेविकेच्या डोक्यावर टाकू नये. तिच्याकडे आधीच नोंदवह्या, मोबाईल ॲप, सर्वेक्षणं आणि २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्जही येऊन पडले. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटात आठवड्याची बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाची वही ही शिस्त आधीच आहे, आणि बाया त्याच आहेत. गटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा दंडाची पट्टी आणि मापाची वाटी जावी, आणि अंगणवाडीच्या पोषण दिनाला गटाच्या सखीने व्याजाचं गणित मांडावं. यासाठी नवी योजना लागत नाही, अंगणवाडीची पर्यवेक्षिका आणि उमेदचे प्रभाग समन्वयक यांनी एक तारीख ठरवायची असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळी सूचना. निघण्यापूर्वी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या, सेविकेकडे स्थलांतराची नोंद करून घ्या आणि कारखान्याच्या गावात पोचल्यावर तिथल्या अंगणवाडीत कार्ड दाखवा. शिधा, लस आणि वजन तिथे मिळण्याचा हक्क आहे. कार्ड घरी राहिलं तर लसींचा हिशेब चुकतो आणि मातृवंदनेचा दुसरा हप्ताही अडतो.

केंद्र वारंवार बंद दिसलं किंवा शिधा सलग आला नाही, तर आधी पर्यवेक्षिकेकडे आणि मग पंचायत समितीच्या आवारात सहसा असणाऱ्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात महिना, न मिळालेली वस्तू आणि मुलाचं वय लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.