खाडीकाठचं सांडपाणी: घरोघरी सेप्टिक टँक की एकच केंद्र?

सेप्टिक टँकमध्ये गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी जमिनीत जिरतं. खर्च कमी, विजेची कटकट नाही. पण नायट्रोजन बराचसा तसाच राहतो. रेताड जमिनीत त्याचं नायट्रेट होऊन ते भूजलावाटे खाडीत उतरतं. मग शेवाळ माजतं, पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि मासे, शिंपले गुदमरतात.

सगळ्या घरांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या केंद्रात हवा दिलेल्या टाकीत अमोनियाचं, म्हणजे सांडपाण्यातल्या नायट्रोजनच्या एका रूपाचं, नायट्रेट होतं. दुसऱ्या, बिनऑक्सिजनच्या टाकीत जिवाणू त्याचा निरुपद्रवी वायू करतात. त्यासाठी जाणकार माणूस हवा, आणि गटारांचं जाळं तर बऱ्याचदा केंद्राहूनही महाग पडतं. पंप बंद पडला की मैला थेट किनाऱ्यावर! तरीही दाट वस्तीला माझं मत केंद्रालाच. विखुरलेल्या घरांना टँक चालेल, फक्त गाळ वेळेवर उपसायला हवा.